एक अटींचा कागद आणि तीन पिस्तुलं

आजचा विषय पिस्तुलाचा आहे, पण गोळीबाराची थरारकथा ऐकायला बसला असाल तर थोडी निराशा होईल. आज आपण एका खरेदीची गोष्ट बघणार आहोत. सरकारी खरेदीची. अटी, चाचण्या, कारखाने, आणि शेवटी कुणी काय घेतलं. मला स्वतःला ही गोष्ट लढायांइतकीच रंजक वाटते, आणि त्याचं कारण घरातलं आहे.

माझे मामा मध्य भारतातल्या एका शहरात पोलिसात होते. फौजदार म्हणून निवृत्त झाले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं त्यांच्याकडे जायचो. मामा डावखुरे, आणि कमरेला लावायचं होल्स्टर मात्र उजव्या हाताचं. ते त्यांनी मोच्याकडून उलटं शिवून घेतलं होतं. डाव्या मनगटावर एक लांब पांढरा वण होता. त्याची हकीकत त्यांनी मी कॉलेजात गेल्यावर सांगितली.

रात्रीच्या गस्तीत एका इसमाची कॉलर त्यांनी उजव्या हातानं धरली होती आणि डाव्या हातानं पिस्तूल काढलं. पिस्तुलात मॅगझीन भरलेलं, पण नळीच्या मागे, म्हणजे चेंबरमध्ये, गोळी नव्हती. तिथली पद्धतच तशी होती. गोळी चढवून पिस्तूल बाळगलं तर चुकून उडेल, आणि मग चौकशी. गोळी चढवायची तर वरची स्लाइड दुसऱ्या हातानं मागे ओढून सोडावी लागते. दुसरा हात कॉलरवर होता. कॉलर सोडावी तर माणूस पळणार, न सोडावी तर हातात नुसता लोखंडाचा तुकडा. तेवढ्यात त्या माणसानं चाकू काढला.

"पिस्तूल चांगलं होतं रे," मामा म्हणाले. "नेमही पक्का. पण ते दोन्ही हात मोकळे असणाऱ्या माणसासाठी केलेलं होतं."

हे पिस्तूल म्हणजे आपल्याकडचं ९ मिलिमीटर ऑटो, १ए. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत बनतं. त्याचं कूळ मोठं आहे. अमेरिकेचे जॉन ब्राउनिंग यांनी शेवटच्या काळात ज्याचं काम हाती घेतलं, ते १९२६ साली वारल्यावर बेल्जियमच्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्ह यांनी ज्याला पुरं रूप दिलं, आणि १९३५ पासून जे जगभर गेलं, ते ब्राउनिंग हाय-पॉवर. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात इंग्लिस कंपनीनं ते बनवलं आणि आपलं १ए त्याच घराण्यातलं. १३ गोळ्यांचं मॅगझीन, दणकट बांधणी. लष्करी हत्यार म्हणून उत्तमच. पण सैनिकाला पिस्तूल लागतं तेव्हा लढाई सुरू झालेली असते. पोलिसाचं तसं नाही. त्याचं पिस्तूल वर्षानुवर्षं कमरेला असतं, बसमध्ये, चहाच्या टपरीवर, कोर्टाच्या जिन्यावर. आणि लागतं तेव्हा एका सेकंदात लागतं.

मग पोलिसासाठी पिस्तूल निवडायचं कसं? हा प्रश्न सगळ्यात नीट कुणी विचारला असेल तर १९७० च्या दशकातल्या पश्चिम जर्मनीनं. तिकडे जाऊ.

त्याआधी थोडं यंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, आणि त्याच धक्क्याच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जाऊन पुढची गोळी आपोआप चढते. मी चाप म्हणतोय तो बोटाखालचा. आणि मागे जो ठोका देतो तो घोडा, इंग्रजीतला हॅमर. आपल्या सिनेमात "घोडा दाब" म्हणतात तेव्हा बहुधा चापच अभिप्रेत असतो, तो घोळ आज टाळू या. जुन्या रचनेत घोडा आधी मागे ओढलेला असावा लागतो, मगच चाप काम करतो. घोडा ओढून, गोळी चढवून, वर सेफ्टीचा खटका लावून पिस्तूल बाळगणं धोक्याचं वाटतं. म्हणून मामांसारखी रिकाम्या चेंबरची पद्धत.

यातून पहिली चांगली वाट काढली ती वॉल्थर या जर्मन कारखान्यानं, १९२९ साली. त्या पिस्तुलाचं नावच पीपी, म्हणजे 'पोलिस पिस्तूल'. दोन वर्षांनी त्याचं आखूड भावंड आलं, पीपीके. जेम्स बाँडमुळे ते सगळ्यांना माहीत आहे. यात गोळी चढवून ठेवायची, घोडा हळूच खाली उतरवून ठेवायचा. वेळ आली की चाप लांबवर ओढायचा. तोच चाप घोडा मागेही नेतो आणि सोडतोही. दुसऱ्या गोळीपासून घोडा आपोआप मागे राहतो, त्यामुळे चाप हलका लागतो. एका हातानं, क्षणात. ही खरी क्रांती होती, आणि ती युद्धखात्यासाठी नव्हे तर पोलिसांसाठी झाली हे लक्षात ठेवा.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांकडे अशीच छोटी ७.६५ मिलिमीटरची पिस्तुलं होती. पीपी, पीपीके, आणखी काही बनावटीची. हलकी, सुबक, कोटाखाली दिसत नाहीत. पण गोळी दुबळी. ७.६५ च्या गोळीची ऊर्जा साधारण २०० ज्यूल, ९ मिलिमीटर पॅराबेलमची ५०० च्या घरात. वीस वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शांत देश, शांत पोलिस.

५ सप्टेंबर १९७२. म्युनिच ऑलिंपिक. 'ब्लॅक सप्टेंबर'च्या आठ बंदूकधाऱ्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं. त्या रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर सुटकेचा जो प्रयत्न झाला त्यात नेमबाज म्हणून उभे केलेले पाच पोलिस नेमबाजीचं खास शिक्षण घेतलेले नव्हते. रायफलींवर दुर्बिणी नव्हत्या, एकमेकांशी बोलायला बिनतारी संच नव्हते. एकंदर ११ इस्रायली आणि एक जर्मन पोलिस मेला. आता यात पिस्तुलाचा दोष काही नव्हता. कुणी तसं लिहिलं तर ते खोटं आहे. पण त्या रात्रीनंतर जर्मन पोलिसांनी आपल्याकडच्या प्रत्येक वस्तूकडे नव्यानं पाहायला सुरुवात केली. काही आठवड्यांतच जीएसजी ९ हे विशेष दल उभं करायचं ठरलं. आणि मग घरातला दहशतवाद, 'रेड आर्मी फॅक्शन'. १९७७ साली एप्रिलमध्ये सरन्यायवादी बुबाक यांचा रस्त्यात खून झाला. सप्टेंबरमध्ये कोलोनला उद्योगपती श्लायर यांना पळवून नेताना त्यांचा चालक आणि तीन रक्षक पोलिस जागीच मारले गेले. समोरच्यांच्या हातात स्वयंचलित बंदुका होत्या.

या काळात पश्चिम जर्मनीतल्या राज्यांनी आणि केंद्रानं मिळून अटींचा एक कागद तयार केला. मला तो कागद फार आवडतो. त्यात कुठल्या कारखान्याचं नाव नाही, कसं बनवा हे नाही. फक्त काय हवं ते आहे. ९ मिलिमीटर पॅराबेलम. लांबी १८० मिलिमीटरच्या आत, उंची १३०, जाडी ३४. वजन एक किलोच्या आत. निदान १०,००० गोळ्या झाडण्याइतकं आयुष्य. उजव्या-डाव्या दोन्ही हातांना चालेल असं. आणि मुख्य अट: गोळी चढवून बाळगलं तरी सुरक्षित, हातातून पडलं तरी न उडणारं, पण काढताक्षणी झाडता येईल असं. हातानं लावायचा-काढायचा सेफ्टीचा खटका नको.

शेवटच्या वाक्यावर थांबा. घाबरलेल्या माणसाचं बोट खटका विसरतं. तेव्हा माणसानं काही लक्षात ठेवायची गरजच उरू नये, आणि सुरक्षितता यंत्राच्या पोटात असावी, असं हा कागद म्हणतो. ही अट कुणी बाजारातल्या मालाची यादी समोर ठेवून लिहिलेली वाटत नाही. कमरेला पिस्तूल लावून फिरलेल्या माणसानं ती लिहिलेली वाटते.

अडचण एकच. ९ मिलिमीटरचा धक्का इतका मोठा की पीपीची साधी रचना, जिथे नुसतं स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग गोळी सुटेपर्यंत मागचं दार धरून ठेवतात, ती इथे पुरत नाही. दार क्षणभर कुलूपबंद ठेवावं लागतं किंवा दुसऱ्या कशानं तरी रोखावं लागतं. हे सगळं १८० मिलिमीटरमध्ये बसवायचं. माउझरनंही एक पिस्तूल उतरवलं होतं, ते मागे पडलं. उरले तीन.

या तिघांचं मूळ पाहिलं तर तिन्ही घरं महायुद्धात उखडलेली. वॉल्थर मूळचे थुरिंगियातल्या झेला-मेहलिसचे. तो भाग पूर्व जर्मनीत गेला आणि ते नेसूच्या वस्त्रानिशी पश्चिमेला येऊन उल्ममध्ये पुन्हा उभे राहिले. सावर शेजारच्याच सूलचे, ते उत्तरेला समुद्राकाठी एकर्नफ्योर्डेला गेले. स्वित्झर्लंडच्या सिग कंपनीला तिथल्या निर्यातीच्या कडक कायद्यांमुळे जर्मन भागीदार हवा होता, म्हणून दोघांची जोडी जमली, सिग-सावर. आणि तिसरे हेक्लर उंड कोख. ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना फ्रेंचांनी मोडून नेल्यावर तिथल्याच अभियंत्यांनी १९४९ साली काढलेली कंपनी. माउझरच्या राखेतून आलेले हे लोक आता माउझरच्याच समोर स्पर्धेत उभे होते.

वॉल्थरनं आपल्या जुन्या पी३८ ला आखूड केलं. ते झालं पी५. डावीकडे एक दट्ट्या, तो दाबला की घोडा सुरक्षित खाली उतरतो. नळी सरळ मागे सरकते, खालचा एक ठोकळा तिला कुलूप घालतो. गंमत म्हणजे रिकामी काडतुसं डावीकडे उडतात, पी३८ सारखीच. भरवशाचं, पण थोडं जुन्या वळणाचं.

सिग-सावरनं स्विस लष्करानं १९७५ साली घेतलेल्या पी२२० वरून छोटं पी२२५ केलं. यातही घोडा उतरवायचा दट्ट्या. पत्र्याला दाबून घडवलेली स्लाइड, ॲल्युमिनियमची चौकट, म्हणजे बनवायला स्वस्त. जर्मन पोलिसांच्या नगांवर मला आवडणारा एक बारकावा आहे. घोड्याच्या शेपटाला एक खाच ठेवलेली. पिस्तूल घोड्यावर आपटून पडलं की ते शेपूट वाकतं, आणि शस्त्रागारातल्या माणसाला बघताक्षणी कळतं की हे पडलंय, तपासायला हवं. पोलिस सांगो न सांगो.

हेक्लर उंड कोखचं उत्तर मात्र कुणी स्वप्नातही पाहिलं नसेल असं. मुठीचा पुढचा भागच एक मोठी पट्टी. पिस्तूल मुठीत घट्ट धरलं की ती पट्टी आत जाते आणि आतली ठोका देणारी कांडी ताणली जाते. साधारण सात किलोचा जोर लागतो, एकदा आत गेली की धरून ठेवायला फारसा नाही. मूठ सैल केली की पिस्तूल पुन्हा निर्जीव. म्हणजे हातातून निसटून पडतानाच ते सुरक्षित झालेलं असतं! खटका नाही, दट्ट्या नाही, पहिली गोळी जड आणि दुसरी हलकी असा प्रकारही नाही. डावखुऱ्याला आणि उजव्याला एकसारखं. नळी चौकटीत पक्की बसवलेली, मुळीच हलत नाही, आणि गोळीमागच्या वायूचा थोडा भाग नळीखालच्या एका दट्ट्यावर सोडून तो स्लाइडला रोखून धरतो. पक्की नळी आणि हाताला लागून बसवलेली, त्यामुळे नेम विलक्षण. माझ्या मते तिघांत नेमाला हे उजवं, त्यात वाद नको.

मग हेच जिंकलं असेल? इथे गोष्ट मजेची होते. तिन्ही पास झाली. तिघांना सरकारी नावं मिळाली: पी५, पी६, पी७. पी६ म्हणजे सिगचं पी२२५. आणि निवड राज्यांवर सोडली गेली. जर्मनीत पोलिस हा राज्यांचा विषय, आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे तसाच. बाडेन-वुर्टेम्बर्गनं पी५ घेतलं. वॉल्थरचं उल्म त्याच राज्यात. श्लेस्विग-होलस्टाइननं पी६, सावरचं एकर्नफ्योर्डे तिथलंच. योगायोग म्हणा हवं तर, मी म्हणणार नाही. बव्हेरियानं, म्हणजे म्युनिचच्याच राज्यानं, पी७ घेतलं. लोअर सॅक्सनीनंही, आणि जीएसजी ९ नंही. पण लोकसंख्येनं सगळ्यात मोठं राज्य नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया, शिवाय हेसेन, हॅम्बर्ग, ब्रेमेन आणि केंद्राचं सीमादल यांनी पी६ घेतलं.

सगळ्यात अचूक पिस्तूल सगळ्यांनी का घेतलं नाही? एक तर ते महाग होतं, बारीक यंत्रकाम फार. सलग पुष्कळ गोळ्या झाडल्या की तो वायूचा दट्ट्या तापतो आणि चापावरचा भाग बोटाला चटका देतो. पण मला महत्त्वाचं वाटतं ते तिसरं कारण. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट काय करतो? मूठ आवळतो. पी७ मध्ये मूठ आवळणं म्हणजेच पिस्तूल तयार करणं. बोट चुकून चापावर असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणजे वरचेवर सराव करणाऱ्या जीएसजी ९ च्या माणसाच्या हातात ते अप्रतिम, आणि वर्षातून काही मोजक्याच गोळ्या झाडणाऱ्या वाहतूक हवालदाराच्या हातात जपून. पी६ ची पहिली ओढ जड होती, इतकी की नेम थोडा हलायचाच. पण ती जड ओढच त्या हवालदाराची सेफ्टी होती. पाच-सात मीटरवर, अंधारात, धापा टाकताना, यंत्राचा नेम मिलिमीटरचा असून उपयोग नसतो. तिथे बोटाचा नेम हातभर हुकतो.

म्हणून कुणी मला "विश्वासू आणि अचूक" असं एका दमात म्हणतं तेव्हा मी थांबवतो. अचूकपणा यंत्राचा मोजता येतो. विश्वासूपणा यंत्र आणि माणूस यांच्या जोडीचा असतो, आणि माणूस बदलला की तोही बदलतो. बव्हेरियानं पी७ चाळीसेक वर्षं वापरलं, हेही सांगून ठेवतो. शिकवलं तर जमतं.

तो कागदही चुकला होता, पण वेगळ्याच ठिकाणी. तो लिहिताना पोलिसांची गोळी एकच धरली होती, पूर्ण तांब्याच्या कवचाची. टोक गोल, नळीत सहज सरकते. पण ती माणसाच्या आरपार जाऊन मागच्या माणसालाही लागू शकते. शहरातल्या पोलिसाला हे परवडत नाही. पुढे अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्या आल्या तेव्हा जुनी पी६ त्या चढवताना कधीकधी अडू लागली, कारण तिचा आतला उतार गोल टोकासाठीच घडवलेला. १०,००० गोळ्यांच्या चाचणीत विश्वासू ठरलेलं पिस्तूल, गोळी बदलताच कुरकुरायला लागलं. शिवाय मॅगझीनमध्ये आठच गोळ्या. तेव्हा त्या पुरेशा वाटल्या होत्या.

त्याच सुमारास शेजारच्या ऑस्ट्रियाच्या लष्करानं १९८० साली पिस्तुलासाठी १७ अटी काढल्या. उत्तर दिलं गास्टोन ग्लॉक यांनी. त्यांनी तोवर पडद्याचे दांडे आणि लष्करी सुऱ्या बनवल्या होत्या, पिस्तूल एकही नाही. १९८१ साली पेटंटसाठी अर्ज, १९८२ साली लष्करात. प्लॅस्टिकची चौकट, १७ गोळ्या, खटका नाही, आणि चापाची ओढ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. म्हणजे पी७ चा गुण, सात किलोच्या मुठीशिवाय. १९८८ साली त्याचं आखूड भावंड ग्लॉक १९ आलं आणि छोट्या पिस्तुलांचा बाजारच पालटला. आपल्या एनएसजीकडे ग्लॉक आहे. ते दल १९८४ साली उभं करताना जीएसजी ९ समोर होतंच. राज्यांच्या पोलिसांपर्यंत मात्र हा विचार सावकाश पोचला. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये सीएसटी स्थानकावर एके-४७ समोर जुन्या .३०३ रायफली होत्या, ते चित्र मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मागच्या दिवाळीत मी मामांना हे सगळं सांगितलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोबाइलवर तिन्ही पिस्तुलांची चित्रं दाखवली. पी५ कडे त्यांनी नुसतं पाहिलं. पी६ च्या वाकणाऱ्या घोड्यावर हसले, "म्हणजे हवालदाराला लपवायची सोय नाही." मग पी७ चं चित्र बराच वेळ धरून ठेवलं, चष्मा वर करून, खाली करून. डावा हात चहाच्या कपाभोवती आवळून पाहिला.

"हे डाव्या हातानं चालतं?"

"हो मामा. कुठल्याही एका हातानं."

"आणि दुसऱ्या हातानं कॉलर धरता येते," असं म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला आणि मामीला आणखी एक करंजी मागितली.